टीव्ही चालू असेपर्यंत

निघोज्यात सून म्हणून येऊन मला एकवीस वर्षं झाली. त्यातली वीस वर्षं सासरे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. भांडण नव्हतं हो. रीत होती. आमच्यात सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, सुनेनं डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, आणि मध्ये कुणीतरी तिसऱ्यानं निरोप पोचवायचे. हे काम सासूबाईंकडे होतं. मामा, म्हणजे सासरे, आम्ही त्यांना मामाच म्हणतो, ते म्हणायचे, "कुशे, चहा सांग." मी तिथंच दोन हातांवर उभी. सासूबाई वळून मला म्हणायच्या, "चहा सांगितलाय." मी म्हणायचे, "साखर संपलीय." त्या परत तिकडं वळायच्या, "साखर संपलीय म्हणती." एका खोलीत तीन माणसं आणि पोस्ट ऑफिस चालू.

सासूबाई गेल्या. मग ते काम माझ्या मुलीकडे आलं, प्राजक्ताकडे. गेल्या वर्षी ती इंजिनिअरिंगला लागली आणि पुनावळ्यात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायला गेली. नवरा कंपनीत. घरात राहिलो मी, मामा आणि भिंत. तर मामा भिंतीशी बोलायला लागले. "कुणी चहा ठेवतंय का," भिंतीला. "आज गवारीत मीठ न्हाई," भिंतीला. सुरुवातीला मी ऐकायचे. नंतर ठरवलं, मला बोलले नाहीत ना, मग भिंतीचं भिंतीनं बघावं. चहाच्या वेळा मला पाठ होत्याच. बाकी भांडी जरा जोरात आपटली की काही ऐकू येत नाही.

आणि मग तो डबा आला. प्राजक्ताचा गेमचा डबा, टीव्हीला जोडायचा, काळा, दोन रिमोटवाला. खोलीवर अभ्यास होत नाही म्हणून दिवाळीत तिनंच तो घरी आणून टाकला आणि जाताना आजोबांना एक खेळ शिकवून गेली. खेळ असा की एक हॉटेल, आत दोन आचारी. वरून ऑर्डरी पडत राहतात. एकानं चिरायचं, एकानं शिजवायचं, ताटं द्यायची, खरकटी घासायची, सगळं घड्याळ लावून. वेळेत जमलं तर पुढचं हॉटेल उघडतं. एकट्या माणसाला ते जमतच नाही.

एका दुपारी मी पीठ मळत होते. मामा रिमोट हातात घेऊन भिंतीला म्हणाले, "दुसरा गडी लागतोय ह्याला." ते कसं कोण जाणे, मी ऐकलं. हात धुतले, पदर खोचला आणि दुसरा रिमोट घेऊन खाली सतरंजीवर बसले. पहिल्या मिनिटात आमच्या हॉटेलला आग लागली. आणि मामा ओरडले, "अगं पाणी वत की, बघतीस काय."

मला. वीस वर्षांतलं पहिलं वाक्य. माझ्या हातातला रिमोट सुटला आणि हॉटेल जळून खाक झालं.

तेव्हापासून रोज दुपारी तासभर आम्ही हॉटेल चालवायचो. ज्या माणसानं जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो माणूस खेळात खरकटी ताटं घासत होता. मी म्हणायचे, "मामा, ताटं." ते म्हणायचे, "घासतोय की, दोनच हात हायेत मला." कांदा करपला की माझ्यावर ढकलायचे, मी त्यांच्यावर. पण हे सगळं टीव्ही चालू असेपर्यंत. टीव्ही बंद झाला की मामा मान वळवून भिंतीला म्हणायचे, "कुणी चहा ठेवतंय का."

राग यायचा मला. पण तो एक तास माझा होता. नवरा येतो, जेवतो, झोपतो. मुलीला फोनवर दोन मिनिटं असतात. दिवसभरात माझ्याशी कुणी धड बोलत असेल तर तो तास, आणि बोलणारं माणूस म्हणजे मामा. दुसऱ्याला हे हसू येण्यासारखं वाटेल. वाटू दे.

होळी झाली आणि धूळ वाढली. आमच्या दारावरून चाकणचे कंटेनर जातात, सकाळी पुसलेलं दुपारी पांढरं होतं. मी घरी शिलाई करते, ब्लाउज, फॉल-पिको. मिक्सरला माझ्या हातचं कव्हर आहे, वॉशिंग मशीनला आहे, शिलाई मशीनला तर आहेच. मग डब्यानंच काय घोडं मारलं होतं? त्यालाही शिवलं. निळं सॅटिन, आत जाड अस्तर, अस्तरात फोमची पट्टी, कडेनं झालर. दिवा दिसायला पुढं छोटी खिडकी ठेवली आणि मागं वायरीपुरतं भोक. इतकं मापात बसलं की खेळतानासुद्धा काढायची गरज नाही. मीच लांबून बघून खूश झाले.

दोन दिवसांनी, मंगळवारी, आम्ही बाविसाव्या हॉटेलात होतो. मामा भांडी घासतायत, माझी भजी तळून होत आलीत, आणि डब्यानं पीं पीं केलं. लाल दिवा लागला आणि टीव्ही काळा झाला. बटण दाबलं, परत पीं पीं. मी मामांकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं बघितलं, मग हळूच मान वळवली आणि भिंतीला म्हणाले, "बंद पडलं वाटतं."

मी रिमोट सतरंजीवर ठेवून उठले.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते. नाव ज्योतीराम. लग्नात उखाण्यात घेतलं तेव्हापासून मी ते घेते, कुणाला काय वाटायचं ते वाटो. अठरा वर्षं एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. मी म्हणाले, "अहो, थेरगावला डांगे चौकात एक दुकान आहे म्हणे, गेम रिपेअर करतात. टाकून या."

"दुकान?" हे म्हणाले. "मी दोनशे टनाची प्रेस उघडून परत बसवतो. आणि ह्या खोक्यासाठी डांगे चौकात जाऊ? लोक काय म्हणतील मला?"

"लोकांना कुठं कळणार आहे?"

"मला कळेल ना."

झालं. गुरुवारी ह्यांची सुट्टी. सकाळी अंघोळ करून, कंपनीचा निळा शर्ट घालून हे पलंगापाशी बसले. घरात कंपनीचा शर्ट कशाला, विचारलं तर म्हणे काम ते काम. डब्याचं कव्हर काढून माझ्या हातात दिलं. मी ते नीट घडी घालून ठेवलं. मग आधी डबा उघडायचा की नाही? नाही. आधी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर लिहायला घेतलं. ह्यांच्या कंपनीत मशीन बंद पडलं की पाच वेळा 'का' विचारतात, आणि पाचव्या 'का'ला खरा गुन्हेगार सापडतो.

डबा बंद का पडला? आतून करंट तुटला. का तुटला? गरम झाला. का गरम झाला? आतला पंखा नीट फिरत नाही. का नाही? धूळ बसली. धूळ का बसली? हे पेन थांबवून इकडं तिकडं बघायला लागले. फ्रीजवर बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि पाचव्या ओळीत लिहिलं, "घरातील साफसफाई."

म्हणजे मी. अठरा वर्षांचा अनुभव आणि पाच वेळा 'का' विचारून बोट आलं बायकोवर. मी म्हणाले, "सहावं का विचारा. ह्या बाईला घर साफ करायला वेळ का नाही?" पण सहावं विचारत नाहीत म्हणे, पद्धत नाही.

स्क्रूची डोकी चांदणीसारखी निघाली, ह्यांच्याकडचं एकही डिसमिस बसेना. मग एक डिसमिस कानशीनं तासलं, तासभर. माझ्या शिवणाच्या टेबलावर लोखंडाचा भुगा. शेवटी डबा उघडला, आतला पंखा काढला, आणि सगळं स्कूटरवर पायांत धरून हायवेच्या पंक्चरवाल्याकडं नेलं, हवा मारायला. पंक्चरवाल्यानं विचारलं, "किती टाकू?" हे म्हणाले, "ट्रकला टाकतो तेवढी." परत आले तेव्हा पंखा वाऱ्यानं नुसता भिरभिरत होता आणि हे स्वतः डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढरे झाले होते.

बसवून झाल्यावर तीन स्क्रू उरले. मी विचारलं, हे कुठले? म्हणाले, "कंपन्या जास्तीचेच लावतात. ह्याला बचत म्हणतात." डबा पलंगावर ठेवून चालू केला. पाऊण तास घड्याळ लावून बसले. एकदासुद्धा पीं केलं नाही. छाती फुगवून ह्यांनी त्यावर 'ओके' लिहिलेली चिकटपट्टी लावली. मी डबा जागेवर ठेवला, कव्हर घातलं, झालर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाविसावं हॉटेल. वीस मिनिटं झाली नाहीत तोच पीं पीं.

मामा भिंतीला काहीतरी म्हणाले. मी ऐकायला थांबलेच नाही. स्वयंपाकघरात जाऊन पातेली घासायला घेतली, जी सकाळीच घासलेली होती.

ह्यांचं म्हणणं पडलं की आतल्या चिपवर तिला गार ठेवणारी पेस्ट लावायची राहिली. ती पेस्ट ऑनलाइन मागवली, इंजेक्शनसारख्या नळीत आली. मोबाइलवरच्या व्हिडिओतला पोरगा सांगत होता, मुगाएवढी लावा. हे म्हणाले, "हे लोक कंजूष असतात." आणि सगळी नळी पिळली. पुरीवर श्रीखंड लावतात तसं लावलं. पलंगावर तास चालवून बघितलं, झकास. पुन्हा 'ओके'ची पट्टी. पुन्हा मी कव्हर घातलं. पुन्हा दुपारी वीस मिनिटांत पीं पीं, आणि आता वर मेण जळाल्याचा वास.

पुन्हा मामा भिंतीला काहीतरी म्हणाले, ह्या वेळी जरा मोठ्यानं. मी कुकरची शिट्टी होऊ दिली.

तिसऱ्यांदा ह्यांनी करंटवर संशय घेतला. घरातली सगळी बटणं उघडून बघितली. त्या भानगडीत फ्रीज अर्धा दिवस बंद आणि दूध नासलं. डब्याला मात्र पलंगावर ठेवलं की काही व्हायचं नाही. हे म्हणायचे, "माझ्यासमोर बरोबर चालतोय. तुम्ही वापरताय कसं?" म्हणजे आता मामासुद्धा गुन्हेगार. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

चौथ्यांदा बंद पडला, मामा पुन्हा भिंतीला काहीतरी म्हणाले आणि मी शिलाई मशीन पळवलं. मग ह्यांनी कंपनीचा शेवटचा उपाय काढला. तिथं बिघडलेल्या मशीनच्या प्लगवर लाल डबी बसवून तिला कुलूप लावतात, म्हणजे कुणी चुकून चालू करू नये. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, मालक आला तरी दुसऱ्यानं काढायचं नाही. तशी एक लाल डबी ह्यांनी प्लगवर बसवली, कुलूप घातलं, वर पाटी लटकवली, "धोका. काम चालू आहे. ज्योतीराम, मेंटेनन्स." किल्ली खिशात घातली आणि सेकंड शिफ्टला निघून गेले. "नवीन पार्ट मागवतो," म्हणाले, "तोवर हात लावायचा नाही."

चार दिवस झाले. चार दिवस मामा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. दुपारी जेवून ते सतरंजीवर येऊन बसायचे, लाल पाटीकडं बघायचे, मी मशीनवर ब्लाउज शिवत बसायचे. बाह्या उलट्या जोडल्या मी एकीच्या. मला वाटायला लागलं, संपलं हे. आता पुन्हा वीस वर्षं भिंत. आणि वीस वर्षं कुठली, मामा पंच्याहत्तरीचे. डोळ्यांत पाणी यायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा की एवढं काय रडायचं, एक खेळणं ते.

पाचव्या दिवशी दुपारी मामा उठले आणि माळ्यावरून जुना टेप काढला. सासूबाईंच्या वेळचा, कॅसेटचा. त्याच्या मागची वायर उपसली. मग डब्यापाशी जाऊन बसले, निळं कव्हर काढून बाजूला टाकलं, आणि डब्याच्या मागून कुलपातली वायर काढून फेकली. तिच्या जागी टेपची वायर लावली. तंतोतंत बसली. दुसऱ्या बोर्डात प्लग घातला, दिवा लागला. ज्योतीरामांचं कुलूप आपलं प्लगला लटकत राहिलं.

मामांनी टीव्ही लावला आणि दुसरा रिमोट माझ्याकडं सरकवला.

"ये," म्हणाले. "बाविसावं."

मी ब्लाउज तसाच टाकून आले. काय खेळलो आम्ही त्या दिवशी. जेवायची आठवण नाही, पाण्याची नाही. मामा एका हातानं ताटं घासत होते आणि दुसऱ्या हातानं मला कांदा देत होते. मी म्हणत होते, "मामा, आग, आग." ते म्हणत होते, "दिसतीय, आंधळा हाय का मी." एक तास झाला, दीड झाला, डबा एकदा कुंईसुद्धा नाही. बाविसावं हॉटेल सुटलं. तेविसावंही सुटलं. मामांनी मांडीवर थाप मारली आणि मी पदर तोंडाला लावून हसत सुटले.

ज्योतीरामांना ह्यातलं काही माहीत नाही. नंतर कुलूप काढून बघितलं तर डबा चालला. त्यांच्या मते पेस्ट मुरायला वेळ लागतो, ती मुरली आणि डबा सुधारला. कंपनीत एका फॉर्मवर तसं लिहून दिलंय त्यांनी, फोटोसकट. तुमची कुठं गाठ पडली तर बोलू नका.

तर, टीव्ही चालूच होता. मी म्हटलं आता थोडा वेळ थांबू, आणि सवयीनं कव्हर उचललं. कौतुकानं झटकलं आणि डब्यावर घालायला गेले.

"ते घालू नकोस," मामा म्हणाले.

"का?"

"त्यानंच तर मरतंय ते. चारी बाजूंनी भोकं हायेत त्याला वारं घ्यायला. तू गादी घालून बसीवलीस."

मी डब्याकडं बघितलं. खरंच भोकं होती, बारीक, ओळीनं. मग हातातल्या कव्हराकडं बघितलं, अस्तर, फोम, झालर. पलंगावर कव्हर नसायचं, म्हणून तिथं चालायचा. जागेवर आला की मी घालायचे. पाच 'का' विचारून ह्यांचं बोट माझ्याकडं आलं होतं, आणि माणूस बरोबर पकडला होता, फक्त कारण चुकलं होतं.

"मामा, तुम्हाला हे कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी."

"आणि सांगितलं नाही?"

"सांगितलं की," मामा म्हणाले. "तीन येळा."

"कुणाला?"

मामांचे डोळे भिंतीकडं गेले.

मग माझं टाळकं सटकलं. "दोन आठवडे, मामा. तुमच्या लेकानं घर उकरलं. दूध नासलं. मी रोज रडत होते इथं बसून. आणि तुम्ही भिंतीला सांगितलं? भिंतीनं शिवलं होतं का कव्हर? मी काय पलीकडच्या गावात होते? दहा हातांवर तर होते." मी पातेली आपटत होते म्हणून ऐकू आलं नाही, हेही मला बोलता बोलता कळत होतं, आणि त्यानं राग आणखीच चढत होता. सासऱ्यांशी एवढा आवाज मी जन्मात चढवला नव्हता. शेवटी टीव्हीचा रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"झालं," मी म्हणाले. "टीव्ही बंद. आता बोला तुमच्या भिंतीशी."

आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पाठ करून उभी राहिले. बाहेरून एक कंटेनर गेला. समोर ओट्यावर पातेलं होतं, कढई होती, मी एकालाही हात लावला नाही. मला ऐकायचं होतं. आणि भीतीही वाटत होती, कारण आता मामा काय बोलणार ते मला ठाऊक होतं. चहाची वेळ झाली होती.

मामा खाकरले.

"अनिता," ते म्हणाले.

मी वळले. एकवीस वर्षांत त्या तोंडून माझं नाव मी ऐकलं नव्हतं. ते त्यांना माहीत असेल हेसुद्धा कधी मनात आलं नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते, सरळ, आणि त्यांनाच ते जड जात होतं, कपाळावर घाम होता.

"तीन वाजाया आले. तू जेवलीस का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग हुबी काय ऱ्हायलीस? आधी जेव. चहाचं बघू मागनं."

मी ताट वाढून घेतलं आणि बाहेर आणून त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले. सासऱ्यासमोर बसून जेवायची आमच्यात रीत नाही. भाकरी गार झाली होती, तरी मी दोन भाकरी खाल्ल्या. मामा तिथंच बसून राहिले, माझं जेवण होईपर्यंत.